होल्स्टर डाव्या कमरेला

देवस्थळ्यांच्या घरात ज्याच्याविरुद्ध कट शिजतो त्यालाच तो सगळ्यांच्या आधी कळतो. याही वेळी तसंच झालं. देवांगनं बहिणीला, मृणालिनीला, श्रूजबरीहून आणि काकांना वेस्ट विंडसरहून दसऱ्याला बोलावून घेतलं, आईला वगळून फोनवर एक ग्रुप काढला, आणि दोन-चार दिवसांतच चंद्रशेखरकाकांनी त्या ग्रुपवर टाकायचा मेसेज सरळ देवांगच्या आईला, सुलेखाबाईंनाच पाठवून दिला. 'वहिनीला घर विकायला राजी करायचं काम माझ्याकडे लागलं. पिस्तुलाचं मृणालिनी बघेल.' सुलेखाबाईंनी उलट विचारलं, 'भावजी, दसऱ्याला श्रीखंड करू की बासुंदी?' काकांनी श्रीखंड लिहिलं, आणि आपलं काही चुकलंय हे विमानात बसेपर्यंत त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तेव्हा दसऱ्याच्या दुपारी सगळे जमले त्या वेळी कुणाला काय हवंय हे लपून राहिलेलं नव्हतं. अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, रेडमंड शहरापासून अर्ध्या तासावर, डुव्हॉल गावाच्या पलीकडे, जंगलाला पाठ टेकून असलेलं हे घर सुलेखाबाईंना सोडायचं नव्हतं. त्यांचे यजमान शैलेंद्र जाऊन दोन वर्षं होत आली होती. देवांगच्या मते सत्तरीच्या बाईनं इथं एकटं राहायला आता काही कारण उरलं नव्हतं. त्याच्या घरी खालच्या मजल्यावर स्वतंत्र खोली होती, शेजारी बाथरूम होतं, पायऱ्यांची कटकट नव्हती. त्यातून उन्हाळ्यात आईनं पिस्तूल घेतलं. रीतसर, वर्ग करून, लायसन्स काढून. वर्गाच्या पहिल्या दिवशी मंडळाच्या कार्यक्रमातून थेट गेल्यामुळे ती इरकलीत होती आणि शिकवणाऱ्या माणसानं तिला, योगाचा वर्ग शेजारच्या दारात आहे, असं फार अदबीनं सांगितलं होतं. ही गोष्ट ती भेटेल त्याला हसत हसत सांगायची. देवांगला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नव्हतं.

मृणालिनीनं विमानात सगळं भाषण जुळवून ठेवलं होतं. ती इमर्जन्सी रूममधली डॉक्टर. वाईट बातमी कशी सांगायची, कुठे थांबायचं, समोरच्याच्या हातावर हात कधी ठेवायचा, हे तिच्या रोजच्या कामातलं. जेवणं झाली, काकांची दुसरी वाटी संपली, तिनं घसा खाकरला. तेवढ्यात आईनं टेबलावरची भांडी एका बाजूला सरकवली आणि आतून एक खोका आणून सगळ्यांसमोर पालथा केला.

खोक्यातून तीन होल्स्टर, म्हणजे पिस्तूल कमरेला अडकवायची म्यानं, पडली आणि एक निळ्या रंगाचं पिस्तूल. अनन्या, म्हणजे सून, खुर्चीसकट मागे सरकली.

"घाबरू नका, हे प्लॅस्टिकचं आहे, सरावाचं," सुलेखाबाई म्हणाल्या. "खरं आत तिजोरीत आहे. या तिन्हींतलं एक मला निवडून द्या, बाकीची दोन सोमवारी परत करायचीत. एवढी शिकलेली माणसं आयती जमलीच आहेत, तर म्हटलं विचारावं."

देवांगनं बहिणीकडे पाहिलं, बहिणीनं काकांकडे, आणि काकांनी एक होल्स्टर उचलून त्याचा वास घेतला.

तीनही होल्स्टर एकाच जातीची होती, क्रॉस-ड्रॉ. म्हणजे पिस्तूल बांधायचं डाव्या कमरेला, जरा पुढे, मूठ उजवीकडे वळलेली. उजवा हात पोटावरून आडवा न्यायचा आणि काढायचं. उजव्या हाताची माणसं एरवी उजव्या कमरेलाच बांधतात. पण सुलेखाबाईंचा उजवा खांदा शैलेंद्रच्या आजारपणातच आखडला होता, त्यांना उठवून बसवता बसवता. हात पुढे कुठेही जायचा, मागे मात्र कमरेच्या रेषेपलीकडे जायचं नाव नाही. पाठ खाजवायला त्यांनी लाकडी कालथा ठेवला होता. त्यातून चालायला जाताना पाठीवर सॅक, सॅकचा पट्टा नेमका कमरेच्या हाडावर, म्हणजे उजवी बाजू तशीही अडलेली. हे सगळं त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की जणू चष्म्याची फ्रेम निवडायची होती.

चंद्रशेखरकाका उठले. न्यू जर्सीत हाडांचे डॉक्टर म्हणून सगळी हयात गेलेली, रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी हात शिवशिवायचेच. घर विकायला राजी करायचं काम आपल्याकडे आहे हे त्यांच्या डोक्यातून साफ गेलं. त्यांनी वहिनींचा हात धरून वर केला, बाजूला केला, मागे नेला, दुखतंय का विचारलं, दुखतंय म्हटल्यावर छान म्हणाले आणि परत तिथंच दाबलं. मग त्यांनी निकाल दिला की या खांद्याला उजवीकडचं होल्स्टर म्हणजे छळ आहे, क्रॉस-ड्रॉशिवाय पर्याय नाही, आणि हे मी लिहून द्यायला तयार आहे.

"काका," देवांग दात आवळून म्हणाला, "आपण कशासाठी जमलोय?"

काका तोवर तलवारीवर पोचले होते. आपल्याकडे तलवार कुठल्या कमरेला असायची? डाव्या. काढायची कुठल्या हातानं? उजव्या. कुठल्याही सरदाराचं चित्र काढून बघा. म्हणजे ही मूळची आपलीच पद्धत, या लोकांनी तिला इंग्रजी नाव दिलं इतकंच. देवांगनं सांगून पाहिलं की तलवार लांब असते म्हणून तशी बांधायचे, पिस्तूल वीतभर असतं, त्याचा याच्याशी संबंध नाही. काकांनी पुतण्याकडे अशा नजरेनं पाहिलं की अमेरिकेत जन्मलेल्या पोराला काय कळणार. देवांग जन्मला होता साताऱ्यात, पण वाद नको म्हणून तो गप्प बसला.

गप्प बसला आणि तिथंच फसला. रिकाम्या हाताला चाळा म्हणून त्यानं काळं होल्स्टर उचललं आणि निळं पिस्तूल त्यात सरकवलं. टक् असा आवाज झाला. त्यानं ते काढलं. पुन्हा घातलं. टक्. देवांग सॉफ्टवेअरमधला माणूस; नीट बसणारी कुठलीही गोष्ट दिसली की त्याला राहवत नाही. काळं होल्स्टर होतं कडक प्लॅस्टिकचं, पिस्तुलाच्या आकारावर साचा घेऊन बनवलेलं. दुसरं तपकिरी चामड्याचं, वरून अंगठ्यानं उघडायची पट्टी असलेलं. तिसरं जाड कापडाचं, सगळ्यांत स्वस्त. पिस्तूल काढलं की त्याचं तोंड पिशवीसारखं मिटायचं आणि परत घालायला दुसरा हात लागायचा. कापडाचं देवांगनं पहिल्या मिनिटाला बाद केलं. मग म्हणाला की खरी परीक्षा गाडीत आहे, आई दिवसातून दोनदा ड्राइव्ह करते, सीटबेल्ट लावल्यावर हात पोचतो का ते बघायला हवं. कमरेला काळं होल्स्टर आणि त्यात निळं पिस्तूल अडकवून तो ड्राइव्हवेवर गेलासुद्धा.

मृणालिनी त्याच्या मागे गेली. तो गाडीत बसून बेल्ट लावत होता, पोटावरून हात नेऊन पिस्तूल काढत होता, परत घालत होता.

"देवांग, व्हॉट आर यू डूइंग?"

"टेस्टिंग. हे बघ, बेल्टचं बक्कल उजवीकडे येतं ना, उजव्या कमरेला असतं तर काढताच आलं नसतं. क्रॉस-ड्रॉ इज अॅक्चुअली ब्रिलियंट, यार."

"आपण ते काढून घ्यायला आलोय."

"आय नो," तो म्हणाला आणि आणखी एकदा काढलं.

इकडे अनन्या भांडी आवरत होती आणि मनातल्या मनात होल्स्टरला ओवाळत होती. तिचं सासूशी वाकडं होतं असं कुणी म्हणू नये. नागपूरहून लग्न करून आली तेव्हा पहिल्या हिवाळ्यात, रोजच्या त्या पावसानं रडकुंडीला आल्यावर, तिला गाडीत घालून समुद्रापर्यंत नेऊन आणणाऱ्या सुलेखाबाईच होत्या. तिला सासू मनापासून आवडायची. अर्ध्या तासावर असलेली फार आवडायची. खालच्या ज्या खोलीबद्दल देवांग बोलत होता तिथं अनन्याचं कुंभारकामाचं चाक होतं, भट्टी होती, आठवडाभर प्रयोगशाळेत मान मोडून काम केल्यावर शनिवारी चिखलात हात घालायची जागा होती. देवांगनं तिला न विचारता ती खोली आईला देऊन टाकली होती. हे बोलायची सोय नव्हती. बोललं की ती सासूला घरात न घेणारी सून झाली असती. म्हणून ती चामड्याच्या होल्स्टरकडे बोट दाखवून म्हणाली, आई, हे फार टिकेल हो, वर्षानुवर्षं टिकेल. सुलेखाबाईंनी सुनेकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि ओठातल्या ओठात हसल्या.

मृणालिनी परत आली तेव्हा तिची बाजू साफ ढासळलेली होती. काका चामड्याच्या बाजूचे, अनन्या चामड्याच्या बाजूची, देवांग प्लॅस्टिकचा कट्टर समर्थक. इथं पाऊस आठ महिने पडतो, चामडं भिजलं की फुगतं आणि पिस्तूल आवळून धरतं, असं तो तावातावानं सांगत होता. न घेण्याच्या बाजूला ती एकटी उरली. तिनं शेवटचा उपाय म्हणून शास्त्रीय मुद्दा काढला. क्रॉस-ड्रॉमध्ये पिस्तूल काढताना नळी आधी आपल्याच डाव्या हातावरून फिरते, मग डावीकडे उभ्या असलेल्या माणसावरून. ती रोज असले हात बघते. शिवाय समोरून कुणी हात घातला तर मूठ आयती त्याच्या बाजूला.

"बरोबर आहे," सुलेखाबाई म्हणाल्या, आणि देवांगच्या कमरेचं निळं पिस्तूल होल्स्टरसकट मागून घेऊन आपल्या डाव्या कमरेला लावलं. त्यांनी सगळ्यांना उजव्या बाजूला उभं केलं. डावा हात वर उचलून छातीशी घेतला, उजवा पोटावरून सावकाश नेला, पिस्तूल सरळ पुढे काढलं आणि मगच हात फिरवला. तीनदा केलं, तिन्ही वेळा सारखं. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढलेली बाई, हात कापत नव्हता. म्हणाल्या, हे मी रोज सकाळी निळ्यावर करते, बदामाचं दूध गरम होईस्तोवर.

मग पूजा. खरं तर शस्त्रपूजा जेवणाआधी व्हायची, पण काकांचं विमान उशिरा आलं आणि श्रीखंडानं थांबायला नकार दिला. काकांनी पाट मांडला. पाटावर देवांगचा लॅपटॉप, मृणालिनीचा स्टेथोस्कोप, अनन्याची माती कापायची तार, गाड्यांच्या किल्ल्या. वेस्ट विंडसरच्या अंगणातल्या रेडबडच्या झाडाची पानं ते आपट्याच्या जागी आणत, यंदाही झिपलॉकच्या पिशवीत आणली होती. आणि म्हणाले, इतकी वर्षं आपण शस्त्रपूजा म्हणून लॅपटॉपला फुलं वाहतोय, यंदा घरात खरं शस्त्र आहे, ते आलंच पाहिजे. दादा असता तर नाचला असता.

सुलेखाबाईंनी खरं पिस्तूल आणलं. गोळ्यांचं मॅगझिन काढलेलं, वरचा भाग मागे ओढून उघडा ठेवलेला. आधी स्वतः आत पाहिलं, मग मृणालिनीला म्हणाल्या, "रिकामं आहे. पण तूही बघ." मृणालिनीनं पाहिलं. काकांना पिस्तुलाचं तोंड पूर्वेला हवं होतं. सुलेखाबाई म्हणाल्या, तोंड बाहेरच्या भिंतीकडे, तिकडे पूर्व असली तर उत्तम. आणि त्याला कुंकू लावायचं नाही, दुरून एक फूल.

काकांचा मोठा हिरमोड झाला. सगळा उत्साह मग होल्स्टरांवर निघाला. चामडं पाटावर कसं चालेल, असं अनन्यानं हळूच विचारलं, तर ते म्हणाले, तबल्याला काय असतं? मृदंगाला? त्याची नाही करत पूजा? आणि ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट चामड्याच्या होल्स्टरवर मधोमध ओढलं. त्यावर हळद. मग चामड्याच्या आणि प्लॅस्टिकच्या, दोन्ही होल्स्टरांवर मूठभर हळदीच्या अक्षता, डोळे मिटून, खणखणीत आवाजात. डोळे उघडले तेव्हा चामड्यानं कुंकू पिऊन टाकलं होतं.

"आता हे परत कसं करणार?" देवांग म्हणाला.

"पूजा झालेली वस्तू परत करतात का?" काका म्हणाले. "मी ठेवतो. मी घेतो ते." त्यांच्याकडे वेस्ट विंडसरमध्ये भाजी चिरायच्या सुरीपलीकडे हत्यार नव्हतं, पण तिथल्या तिथं त्यांनी ते डाव्या कमरेला चढवलं आणि फोन त्यात घालून पाहिला. बसला. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

अशा रीतीनं निवड आपोआप झाली. प्लॅस्टिकचं उरलं. सुलेखाबाईंनी पट्ट्यात ते ओवलं, पिस्तूल रिकामं असल्याचं पुन्हा पाहिलं आणि बसवायला गेल्या. आवाज आला नाही. त्यांनी काढून परत घातलं. निम्म्याच्या वर गेलं आणि अडलं. नवीन आहे, जरा जोर लाव, असं देवांग म्हणाला. काकाही म्हणाले, लावा जोर.

"जोर लावायचा नसतो," सुलेखाबाई म्हणाल्या. त्यांनी पिस्तूल बाजूला ठेवलं, होल्स्टर काढून पालथं केलं, तळहातावर आपटलं. आतून अक्षतांचे दाणे पडले आणि झेंडूची एक पाकळी. "ट्रिगरची जागा इथं असते. इथं काही अडकलेलं असताना जोर लावला तर भरलेलं पिस्तूल उडतं, आणि उडतं ते आपल्याच मांडीत. म्हणून आवाज नाही आला तर थांबायचं."

सगळे थांबले. काकांनी ताटातल्या अक्षतांकडे अपराध्यासारखं पाहिलं.

सुलेखाबाई होल्स्टर धुवायला स्वयंपाकघरात गेल्या. मृणालिनी फडकं घेऊन मागोमाग गेली. हळदीचं पाणी सिंकमध्ये जात होतं. तिनं विमानात जुळवलेलं भाषण केव्हाच विरून गेलं होतं. उरला होता एकच प्रश्न, आणि तो तिनं रोज अनोळखी माणसांना विचारला होता, आईला कधीच नाही. नवरा गेलेला. बाई एकटी. मे महिन्यापासून चालायला जाणं बंद, फोनवर दोन शब्दांपलीकडे बोलणं बंद. आणि मग घरात पिस्तूल. हे सगळं कुठल्या दिशेनं जातं हे तिच्याइतकं त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"आई, मला सरळ सांग," ती म्हणाली. "तुला जगायचंय ना?"

सुलेखाबाईंनी नळ बंद केला. लेकीकडे पाहत राहिल्या. मग त्यांना हसू यायला लागलं, आवरेना, ओल्या हातांनी त्यांनी ओट्याची कड धरली.

"अगं वेडे, मरायचं असतं तर अस्वलाला घाबरून पिस्तूल कशाला घेतलं असतं? त्याच्यासमोर जाऊन बसले नसते?"

मृणालिनी हसली नाही. मग सुलेखाबाईंचंही हसू गेलं. लेकीनं विमानात काय उचलून आणलं होतं ते त्यांना आत्ता दिसलं, आणि त्यांना तिची फार दया आली.

मग त्यांनी सांगितलं. मे महिन्यात मागच्या वाटेच्या वळणावर अस्वलीण भेटली होती, दोन पिल्लं घेऊन. चार गाड्यांएवढं अंतर होतं. तिनं काही केलं नाही, फक्त उभी राहिली. सुलेखाबाई उलट्या पावली घरी आल्या आणि नंतर फाटकापलीकडे गेल्या नाहीत. अस्वलासाठीचा तिखट फवारा आणला, तो डेकवर मारून पाहिला तर वाऱ्यानं सगळा स्वतःच्याच तोंडावर, दोन दिवस मिरचीची फोडणी नाकात घेऊन बसल्या. तोही बरोबर नेणार होत्याच. पण धीर येईना. देवांग म्हणतो तशा खालच्या खोलीत जाऊन बसायला काही हरकत नव्हती, इथंही सुलेखाबाई एका खोलीतच बसून होत्या, महिनोन्महिने. खिडकीतून ती वाट बघत.

"घरातच बसायचं असतं तर मला होल्स्टर लागलं असतं का गं? होल्स्टर चालणाऱ्याला लागतं," त्या म्हणाल्या. "आणि तू हे मे महिन्यातच विचारायचं होतंस. डॉक्टर आहेस."

"भीती वाटत होती."

"कशाची?"

"उत्तराची."

सुलेखाबाईंनी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि आधी तिचं तोंड पुसलं, मग होल्स्टर. मृणालिनीनं नाक ओढत एक अट घातली. ज्या दिवशी मनात तसलं काही येईल त्या दिवशी आधी मला फोन, आणि पिस्तूल देवांगच्या घरी. सुलेखाबाईंनी वाद घातला नाही. फोन करीन, म्हणाल्या, आणि देवांगला सांगीन की ते टक् टक् वाजवत बसू नको.

पाऊस थांबल्यावर काकांना सीमोल्लंघन आठवलं. दसऱ्याला शीव ओलांडायची असते, आणि इथं शीव म्हणजे मागच्या अंगणाचं लाकडी फाटक. सुलेखाबाई आत जाऊन तयार होऊन आल्या. लाल टोपी, बूट, सॅक, सॅकच्या पट्ट्यावर फवारा, डाव्या कमरेला काळं होल्स्टर. आतून येताना टक् असा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. काका कमरेला फोन लावून सगळ्यांच्या पुढे चालत होते.

फाटकाशी सुलेखाबाई थांबल्या. कडी काढली. म्हणाल्या, तुम्ही इथंच थांबा, मी एकटी जाऊन येते.

देवांग पुढे सरला. मृणालिनीनं त्याची बाही धरली. तिला स्वतःलाच आईच्या मागे धावायचं होतं, म्हणून तिनं ती फार घट्ट धरली. सुलेखाबाई वाटेला लागल्या. ओल्या पानांवरून त्यांची पावलं वाजत होती, मग वळण आलं आणि त्या दिसेनाशा झाल्या.

काकांनी कमरेचा फोन काढला आणि परत होल्स्टरमध्ये घातला. अनन्यानं नवऱ्याचा दुसरा हात धरला. मग झाडांतून सुलेखाबाईंचा आवाज आला, मोठ्यानं, बाजारात हाक मारावी तसा. देवांग दचकला.

"माणसाचा आवाज ऐकला की अस्वल आपणहून लांब जातं," मृणालिनी म्हणाली. "मुद्दाम बोलत चालायचं असतं."

ते बरोबरच होतं. पण त्या काय बोलत होत्या तेही हळूहळू कळायला लागलं.

"...अहो, तुमच्या भावानं काय केलं ऐका. अक्षता टाकल्या होल्स्टरमध्ये. होय, तांदूळ. आणि आता फोन लावून फिरतोय कमरेला. तुम्ही तरी वेगळं काय केलं असतं म्हणा. इथं चिखल झालाय, इथून नीट चला..."

आवाज पुढे पुढे गेला, बारीक झाला, पण थांबला नाही. चंद्रशेखरकाकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. देवांगला वडिलांचा शेवटचा महिना आठवला, आणि त्या महिन्यात आपण आईला एकदाही, तू कशी आहेस, असं विचारलं नव्हतं हेही आठवलं. त्यानं फाटकाच्या खांबाला हात टेकवला.

बऱ्याच वेळानं आवाज परत जवळ यायला लागला. आधी आवाज, मग लाल टोपी, मग सुलेखाबाई. बूट चिखलानं भरलेले, गाल लाल, डोळे लाल. पण चालणं असं की दोन वर्षांत मुलांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी फाटक लावलं, कडी घातली, दम खाल्ला आणि मुलाकडे वळल्या.

"हं. घराचं काय म्हणत होतास तू, देवांग?"

देवांगनं आईकडे पाहिलं. मग बहिणीकडे.

"काही नाही, आई," तो म्हणाला.